गुलमर्गच्या हिवाळ्यात कुठे उतरावे

महाराष्ट्रातून काश्मीरला जाणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा मुक्काम श्रीनगरला असतो आणि गुलमर्ग हे त्यांच्या कार्यक्रमातले एका दिवसाचे ठिकाण असते. सकाळी लवकर निघायचे, वाटेतल्या टंगमर्ग गावी भाड्याचे गमबूट आणि जाड कोट चढवायचे, वर जाऊन गोंडोलात, म्हणजे तारेवरून डोंगरावर नेणाऱ्या पाळण्यात, बसायचे, बर्फात छायाचित्रे काढायची आणि अंधार पडायच्या आत दल सरोवराकडे परतायचे, असा तो दिवस जातो. केवळ गुलमर्ग पाहायचे असेल तर ही आखणी पुरेशी आहे. परंतु घरातल्या लहानथोरांना स्कीइंग शिकायचे असेल, तर हीच आखणी सर्वांत मोठी अडचण ठरते आणि राहण्याच्या जागेचा प्रश्न सगळ्या सहलीच्या केंद्रस्थानी येतो.

श्रीनगर ते गुलमर्ग हे अंतर जेमतेम 50 किलोमीटर आहे. नकाशावर ते मुंबईकरांच्या रोजच्या प्रवासाएवढे वाटते. मात्र त्यातले शेवटचे 13 किलोमीटर टंगमर्गपासून देवदार आणि पाइनच्या रानातून वळणावळणाने चढतात. रात्री हिमवृष्टी झाली असेल, तर रस्ता मोकळा होईपर्यंत गाड्या टंगमर्गलाच थांबतात आणि नंतर चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच वर सोडल्या जातात. म्हणजे ज्या सकाळी बर्फ सर्वांत ताजे असते, नेमक्या त्याच सकाळी श्रीनगरला राहणारे कुटुंब खाली अडकून पडते. नवशिक्याला सलग सात-आठ तासांचा सराव झेपत नाही. त्याला सकाळचे दीड-दोन तास, मग गरम जेवण, थोडी विश्रांती आणि दुपारी पुन्हा तासभर असे तुकडे लागतात. हे तुकडे पाडता यायचे, तर राहण्याची जागा चालत जाण्याच्या अंतरावर हवी.

आम्ही हिवाळ्यात गुलमर्गला जायचे ठरवले, तेव्हा आमच्याबरोबर धाकटे दीर, जाऊबाई, दोन्ही घरची मुले आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई होत्या. सासूबाईंनी आधीच सांगून टाकले होते, "मला खिडकीपाशी बसायला मिळाले की झाले, तुम्ही खुशाल घसरा बर्फावर." दिरांचे म्हणणे असे, की हॉटेल म्हणजे रात्री पाठ टेकण्याची जागा, तेव्हा तिथे पैसे वाचवावेत आणि ते प्रशिक्षक व चांगल्या साहित्यावर खर्च करावेत. एरवीच्या प्रवासात त्यांचे हे मत मलाही पटले असते. कोकणात किंवा राजस्थानात आपण दिवसभर बाहेर असतो आणि खोलीत फक्त झोपायला येतो. बर्फाच्या गावात मात्र गणित उलटे असते. जानेवारीतला दिवस लहान असतो, दुपार कलली की अफरवट डोंगराची सावली मैदानाकडे सरकू लागते, ऊन गेले की थंडी एकदम अंगावर येते आणि पाच-साडेपाचनंतर मुलांना बाहेर ठेवण्यात अर्थ राहत नाही. चोवीस तासांपैकी अठरा-एकोणीस तास चार भिंतींच्या आतच जातात. सासूबाईंसारख्या माणसाचे तर जवळजवळ सगळेच तास.

म्हणून मी असे धरून चालले, की जागा निवडायची ती सर्वांत कमी स्कीइंग करणाऱ्या माणसासाठी. घरातला जो तरबेज असेल, तो कुठेही राहिला तरी आपली वाट काढतो; खांद्यावर स्की टाकून तो अर्धा कोस चालत जाईल. सहल मोडते ती सहा-सात वर्षांच्या मुलाच्या ओल्या हातमोज्यांनी, किंवा दिवसभर गारठ्यात एकट्या बसलेल्या आजीच्या कंटाळ्याने. त्या दोघांची सोय झाली, की मधल्या सगळ्यांची आपोआप होते. दिरांना हे लगेच मान्य झाले नाही, पण त्यांनी जागा ठरवण्याचे काम माझ्यावर सोपवले.

समुद्रसपाटीपासून सुमारे 2,650 मीटर उंचीवर असलेले गुलमर्ग हे एक पसरट, खोलगट कुरण आहे. मधल्या कुरणात उन्हाळ्यात गोल्फ खेळतात, कडेने रस्ता, रस्त्यालगत आणि चढावर हॉटेले, एका टेकाडावर महाराणीचे शिवमंदिर, दुसरीकडे जुने सेंट मेरी चर्च, आणि या सगळ्याच्या माथ्यावर अफरवट. ब्रिटिशांच्या काळात हे मुख्यतः उन्हाळी वस्तीचे ठिकाण होते. 1927 मध्ये इथे स्की क्लब ऑफ इंडियाची स्थापना झाली आणि नाताळात व ईस्टरला स्कीइंगसाठी लोक येऊ लागले. आजही गुलमर्ग हे रूढ अर्थाने गाव नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी घरे जवळजवळ नाहीत. स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ओढणारे, मार्गदर्शक, बर्फ उपसणारे, हॉटेलांत काम करणारे बहुतेक जण टंगमर्ग आणि आसपासच्या खेड्यांतले असतात. त्यामुळे 'एखादी खोली जवळपास मिळेल' अशा भरवशावर तिथे जाता येत नाही. जे काही आहे ते हॉटेलच आहे, आणि हंगामात ते भरलेले असते.

हॉटेलांच्या जाहिरातींत एक वाक्य हमखास असते, ते म्हणजे गोंडोलापासूनचे अंतर. गोंडोला हे गुलमर्गचे भूषण आहे यात शंका नाही. पहिला टप्पा गुलमर्गपासून कोंगडोरीपर्यंत, साधारण 3,080 मीटरवर नेतो. तो 1998 मध्ये सुरू झाला. 2005 मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा थेट अफरवटच्या खांद्यावर, सुमारे 3,950 मीटरवर सोडतो. जगभरातले पट्टीचे स्कीपटू इथे येतात ते या दुसऱ्या टप्प्यासाठी. परंतु पहिल्यांदा स्कीवर उभ्या राहणाऱ्या कुटुंबाचा सुरुवातीच्या दिवसांत या गोंडोलाशी फारसा संबंध येत नाही. नवशिके शिकतात ते खाली, कुरणाच्या कडेच्या लहान सौम्य उतारांवर, जिथे वर ओढून नेणाऱ्या छोट्या लिफ्ट आहेत किंवा मुले स्वतःच तिरक्या पावलांनी वर चढतात. गोंडोलाचे स्थानक कुरणाच्या एका टोकाला आहे, बाजार आणि गाड्यांचा तळ तिथून किलोमीटरभर अलीकडे. तेव्हा अंतर विचारायचे ते 'आमची मुले ज्या उतारावर शिकणार, त्या उतारापासून' विचारायचे. गोंडोलाशेजारच्या महागड्या खोल्या घेऊन रोज सकाळी मुलांना उलट दिशेने बर्फ तुडवत नेणारी कुटुंबे मी तिथे पाहिली, आणि त्या मुलांचा उत्साह उतारावर पोचण्याआधीच निम्मा झालेला असे.

अंतराबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. स्कीचे बूट कडक प्लास्टिकचे असतात, त्यात घोटा वाकत नाही आणि टाच टेकवत चालावे लागते. मोठ्या माणसाला त्यात शंभर पावले चालताना घाम फुटतो. लहान मूल पन्नासाव्या पावलाला बसकण मारते. त्याचे बूट, स्की आणि काठ्या आपल्याला उचलाव्या लागतात, शिवाय कधी कधी मूलही. उन्हाळ्यातली पाच मिनिटे हिवाळ्यात पंधरा होतात, आणि रात्रीत बर्फ पडले असेल तर पायवाट कापलेली आहे की नाही यावर सगळे ठरते. म्हणून फोनवर माझा पहिला प्रश्न असायचा, "सकाळी दारापासून रस्त्यापर्यंतचे बर्फ कोण काढते आणि किती वाजता?" ज्या व्यवस्थापकाला या प्रश्नाचे ताबडतोब उत्तर देता आले, त्याच्याशी पुढे बोलावे, हा माझा नियम ठरला. एका ठिकाणी मला उत्तरादाखल न्याहारीचे पदार्थ ऐकवण्यात आले. तिथले बोलणे मी तिथेच थांबवले.

आता उबेविषयी. जागा निवडताना मी सर्वाधिक वेळ याच गोष्टीवर घालवला आणि आजही कोणी विचारले तर मी तेच सांगेन. गुलमर्गमध्ये खोली तापवण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. मोठ्या, नव्या हॉटेलांत मध्यवर्ती तापन असते. जुन्या हॉटेलांत आणि लाकडी कॉटेजांत बुखारी असते. बुखारी म्हणजे पत्र्याची, लाकडावर चालणारी शेगडी; तिचे नळकांडे छतातून किंवा भिंतीतून बाहेर काढलेले असते. ती पेटली की दहा-पंधरा मिनिटांत खोली उबदार होते, तिच्यावर पाणी गरम होते, तिच्याभोवती माणसे आपोआप गोळा होतात. मध्यवर्ती तापनाने सगळी खोली सारखी तापते, पण त्याभोवती कोणी बसत नाही. सासूबाईंचा कल बुखारीकडे होता, कारण त्यांचे लहानपण साताऱ्याकडच्या वाड्यात चुलीच्या उबेला गेलेले.

मात्र बुखारीचे काही प्रश्न आधीच विचारून घ्यावे लागतात. लाकूड खोलीच्या भाड्यात धरलेले आहे की वेगळे? रात्री शेवटचे लाकूड कधी घालतात? मध्यरात्रीनंतर बुखारी विझते आणि पहाटे चारच्या सुमारास खोली पुन्हा गार पडते. त्या वेळेसाठी बिछान्यावर विजेची उबदार चादर आहे का, आणि वीज गेली तर जनरेटर रात्रभर चालतो का? आणि सर्वांत महत्त्वाचे, धूर बाहेर जाण्याचा मार्ग साफ आहे का? बंद खोलीत जळण अर्धवट जळले, की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो कळतही नाही. जानेवारी 2025 मध्ये श्रीनगरमध्ये भाड्याच्या घरात राहणारे एक संपूर्ण कुटुंब, आईवडील आणि तीन मुले, थंडीच्या रात्री बंद खोलीत गुदमरून गेले. ती बातमी वाचल्यापासून माझे मत अधिकच ठाम झाले आहे. नळकांडे नसलेला गॅसचा हीटर झोपण्याच्या खोलीत नको, मुलांच्या खोलीत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची हातशेगडी, नको, आणि खिडकीची बारीकशी फट रात्रभर उघडी हवी, कितीही गार वाटले तरी. वायूचा इशारा देणारे लहानसे यंत्र बाजारात मिळते. ते सामानात सहज मावते आणि मी ते कपड्यांच्याही आधी भरते.

उबेचा दुसरा उपयोग म्हणजे वाळवणे. पहिल्या दिवशी नवशिका बर्फात जितका वेळ उभा असतो, तितकाच आडवा असतो. हातमोजे, पायमोजे, कानटोप्या, बुटांचे आतले अस्तर हे सगळे संध्याकाळी ओले होऊन येते आणि रात्रीत वाळले नाही, तर दुसऱ्या दिवशी मुलाची बोटे बधिर होतात आणि शिकणे संपते. काही हॉटेलांत बूट वाळवण्याची स्वतंत्र खोली असते, आणि ती आहे का हे विचारण्यात संकोच करू नये. आम्ही जिथे राहिलो, त्या लाकडी कॉटेजमध्ये बुखारीच्या वर, हात पोचेल इतक्या उंचीवर, दोरी बांधलेली होती. त्या एका दोरीने आमची सहल जितकी सांभाळली, तितकी कोणत्याही महागड्या सोयीने सांभाळली नसती. फक्त दोरी आणि शेगडी यांत पुरेसे अंतर आहे ना, हे रोज रात्री पाहून घ्यावे लागे.

सासूबाईंच्या खिडकीची गोष्ट मी गंभीरपणे घेतली होती. गुलमर्गमधल्या पुष्कळ खोल्यांना रानाकडची बाजू आहे. ती शांत आणि सुंदर आहे, परंतु तिथून नुसती झाडे दिसतात. मला कुरणाकडे उघडणारी, तीही तळमजल्यावरची खोली हवी होती, कारण गोठलेल्या बाहेरच्या जिन्यावरून वयस्क माणसाने चढउतार करणे धोक्याचे असते. अशी खोली मिळाली आणि सासूबाईंचा दिवस भरून गेला. नातवंडे कुठे पडतात, कोणता प्रशिक्षक कुणाला उचलून उभे करतो, स्लेजवाले गिऱ्हाइकाशी कसे बोलतात, हे सगळे त्यांना आतून दिसत होते. दुपारी मुले जेवायला आली, की त्या त्यांना सकाळचा वृत्तांत ऐकवत, आणि मुलांना आपल्याला कोणी पाहत होते याचा आनंद त्या जेवणापेक्षाही अधिक होई. बुखारीत लाकूड घालायला येणारा काश्मिरी मुलगा त्यांना 'अम्माजी' म्हणत असे आणि त्यांच्यासाठी न सांगता कहवा, म्हणजे काश्मिरी चहा, आणत असे. जेवणाचेही आधीच बोलून ठेवले होते. राजमा, भात, हाक ही काश्मिरी पालेभाजी आणि गरम पोळी एवढे मिळाले, की आमच्या घरच्या शाकाहारी मंडळींची तक्रार नव्हती. रस्ता बंद झाला की भाजीपाला वर येत नाही, हे लक्षात ठेवून पानात पडेल ते आनंदाने खावे.

टंगमर्गला राहण्याचा पर्याय मी मनापासून तपासला होता. तिथल्या घरगुती निवासांत पैसे कमी लागतात, माणसे अगत्याची असतात, आणि काही घरांत हमाम असतो, म्हणजे खालून लाकडाच्या जाळाने तापवलेली दगडी फरशीची खोली, जिच्यावर रात्री झोपण्यासारखे सुख नाही. महाविद्यालयीन मुलांच्या गटाला मी टंगमर्गच सुचवेन. लहान मुले बरोबर असताना रोज सकाळी साखळीच्या गाडीची वाट पाहणे आणि दुपारी विश्रांतीला परत न येता येणे मात्र परवडत नाही. ज्यांना शिकायचेच आहे आणि ज्यांची मुले मोठी आहेत, त्यांच्यासाठी गुलमर्गमधल्या भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेचे अभ्यासक्रम उत्तम. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची ही संस्था शिस्तीने आणि माफक शुल्कात शिकवते, पण तिथला दिनक्रम विद्यार्थ्यांचा असतो, कुटुंबाचा नव्हे.

औलीचाही विचार झाला होता. गढवालमधले ते उतार नवशिक्यांना गुलमर्गइतकेच मानवतात आणि नंदादेवीचे दर्शन हा तिथला मोठा लाभ. परंतु 2023 च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचू लागल्यावर जोशीमठ ते औली हा रोपवे बंद झाला. खाली स्वस्तात राहून वर जाण्याची जी सोय औलीला होती, तिचा आधारच त्यामुळे गेला, आणि वयस्क माणसाला घेऊन बर्फातल्या रस्त्यावर अवलंबून राहण्याची माझी तयारी नव्हती.

मुंबई-पुण्याहून निघालेल्या माणसाने पहिली रात्र मात्र श्रीनगरलाच काढावी. श्रीनगर साधारण 1,585 मीटरवर आहे. समुद्रकाठावरून एका दिवसात थेट 2,650 मीटरवर झोपायला गेल्यास काहींना डोकेदुखी, मळमळ आणि निद्रानाश होतो, विशेषतः लहान मुलांना आणि वयस्कांना. शेवटची रात्रही खालीच असावी, कारण परतीच्या सकाळी टंगमर्गचा रस्ता बंद असला तर विमान कोणासाठी थांबत नाही. हाउसबोटीची हौस या दोन रात्रींत भागते. हिवाळ्यात त्यांवरही बुखारी असते, आणि तिलाही वर सांगितलेले सगळे नियम लागू आहेत. एक बारीक सूचना म्हणजे इतर राज्यांतले प्रीपेड मोबाइल जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत. घरातल्या निदान दोघांकडे पोस्टपेड क्रमांक असावा, म्हणजे बर्फात अडकल्यास हॉटेलला कळवता येते.

कधी जावे, यावरही जागेची निवड अवलंबून असते. महाराष्ट्रातल्या शाळांना नाताळाची सुट्टी असते, म्हणून बहुतेक कुटुंबे त्याच आठवड्यात येतात आणि खोल्यांचे दर आभाळाला भिडतात. काश्मीरमध्ये 21 डिसेंबरला चिल्लई कलान, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, नुकतेच सुरू झालेले असतात. थंडी असते, पण बर्फाचा जाड थर बसलेला असेलच असे नाही. शिवाय अलीकडे बर्फाचा भरवसा कमी झाला आहे. 2024 च्या जानेवारीच्या सुरुवातीला गुलमर्गची कुरणे उघडी, पिवळी पडलेली होती. 2025 मध्ये बर्फ नसल्यामुळे खेलो इंडिया हिवाळी क्रीडास्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. त्यामुळे तारीख पुढे नेऊ देणारे, निदान अर्धे पैसे परत करणारे हॉटेल थोडे महाग असले तरी तेच घ्यावे. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो, आणि त्यासाठी शाळेतून आठवडाभराची रजा मागणे मी गैर मानत नाही.

अफरवटच्या वरच्या उतारांवर हिमस्खलन होते आणि माणसे दगावतात. 1 फेब्रुवारी 2023 रोजी तिथे पोलंडचे दोन स्कीपटू गेले. गुलमर्गमधले बचाव पथक हिमस्खलनाच्या धोक्याचा इशारा जाहीर करत असते. ज्या हॉटेलात तो इशारा रोज सकाळी दर्शनी भागात लावलेला दिसतो, तिथे पाहुण्यांची काळजी घेणारी माणसे आहेत असे मी समजते, जरी आमच्यापैकी कोणी वर जाणार नसले तरी.

आता मुले मोठी झाली आहेत. कुरणाकडेचे उतार त्यांना अपुरे वाटू लागले आहेत, त्यांना कोंगडोरीहून खाली यायचे आहे, आणि थोरल्याला तर दुसऱ्या टप्प्याची स्वप्ने पडतात. या वेळी गोंडोलाजवळ राहावे, असा दिरांचा आग्रह आहे आणि तो रास्त आहे. परंतु सासूबाईंचे गुडघे मधल्या काळात अधिक कुरकुरू लागले आहेत आणि त्यांना यायचे आहेच. तेव्हा गोंडोलाकडच्या बाजूला, पण तळमजल्यावर, मुलांची ये-जा दिसेल अशी खिडकी आणि धुराडे झाडलेली बुखारी असलेली खोली मी शोधते आहे. एका जागेचे बोलणे बरेच पुढे गेले आहे. दारातले बर्फ ते सकाळी सातला काढतात, जनरेटर रात्रभर चालतो, आणि बर्फ पडले नाही तर तारीख बदलून देतात. खिडकी कोणत्या दिशेला आहे, त्याचे छायाचित्र त्यांनी उद्या पाठवतो म्हटले आहे. ते पाहून सासूबाई जे सांगतील, त्याप्रमाणे आगाऊ रक्कम भरायची असे आम्ही दोन्ही घरांनी मिळून ठरवले आहे.